आठवड्याचा हिशेब

अमेरिकेतील राज्य विद्यापीठे सरकारी असल्यामुळे कोणत्याही पंथाची उपासना त्यांना स्वतःच्या नावाने चालवता येत नाही. म्हणून तिथल्या निरनिराळ्या पंथांनी विद्यापीठाच्या हद्दीला लागून, बहुतेक ठिकाणी केवळ एक रस्ता सोडून, विद्यार्थ्यांसाठी स्वतःच्या वास्तू उभ्या केल्या. इलिनॉय विद्यापीठाच्या अर्बाना गावात ग्रीन स्ट्रीट आणि गुडविन अॅव्हेन्यू जिथे मिळतात तिथे मेथॉडिस्ट या प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथाची अशी एक जुनी वास्तू आहे. तिचे नाव वेस्ली फाउंडेशन. या नावाच्या संस्था आज अमेरिकेतील अनेक विद्यापीठांजवळ आढळतात, परंतु त्यांतील पहिली इथली. जेम्स सी. बेकर यांनी ती 1913 मध्ये सुरू केली. त्या काळी मेथॉडिस्टांचा भर स्वतःची महाविद्यालये काढण्यावर होता आणि राज्य विद्यापीठात गेलेला मुलगा देवधर्माला मुकणार, अशी भीती सर्रास व्यक्त होत असे. बेकर हे अर्बानातील ट्रिनिटी मंडळीचे, म्हणजे तिथल्या चर्चचे, पाळक (धर्मगुरू) होते. मेथॉडिस्ट घरांतील मुले तक्रारींना न जुमानता याच विद्यापीठात मोठ्या संख्येने येत आहेत, हे त्यांना आपल्या बाकांवर दर रविवारी दिसत होते. त्यांनी या कामाची पाच अंगे सांगितली: उपासनेचे स्थान, धर्मशिक्षणाची शाळा, परगावच्या मुलांना घरासारखा आसरा, मंडळीचे काम हाताने शिकण्याची प्रयोगशाळा, आणि पाळकी किंवा मिशनसेवा पत्करणारी माणसे जिथे सापडतील अशी जागा. पुढे दहा वर्षांनी, 1923 मध्ये, ज्यू विद्यार्थ्यांची हिलेल ही संस्थाही याच विद्यापीठापाशी जन्माला आली.

मी 2022 च्या ऑगस्टमध्ये पीकशास्त्रात एमएस करण्यासाठी नागपूरहून तिथे गेले. विदर्भात सोयाबीन पाहत वाढलेल्या मुलीला इलिनॉयमध्ये क्षितिजापर्यंत पुन्हा सोयाबीन आणि मकाच दिसावा, याची मला सुरुवातीला गंमत वाटली आणि नंतर कंटाळा आला. आमचे घर तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती आहे. मंडळी चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची आणि माझे पदवीचे शिक्षण हिस्लॉप कॉलेजातले. शब्बाथ शाळा, दृढीकरण, तरुण संघ, नाताळच्या आधी घरोघर जाऊन गाणी म्हणणे, हे सारे माझ्या बाबतीत रीतसर पार पडले होते. परंतु तुझी श्रद्धा आहे का, असेल तर ती तुझ्या मंगळवारात किंवा गुरुवारात कुठे दिसते, असे मला आजवर कोणी विचारले नव्हते. आमच्याकडे ते आडनावावरून गृहीत धरले जाते. त्यामुळे वेस्लीत मी गेले ती शोध घेण्यासाठी वगैरे गेले नाही. पीकशास्त्र विभागाच्या टर्नर हॉलमधून बाहेर पडून गुडविन अॅव्हेन्यूने सरळ उत्तरेकडे चालत गेले की ती इमारत लागते, आणि तिथे विद्यार्थ्यांना आठवड्यातून एकदा संध्याकाळी फुकट जेवण मिळते, एवढे कारण पुरेसे होते.

ते जेवण मंडळीतील वयस्क स्त्री-पुरुष पाळीपाळीने रांधून आणत: राजम्यासारख्या कडधान्याची आणि खिम्याची चिली, मक्याच्या पिठाचा गोडसर पाव, भाजलेल्या भाज्या. नागपूरच्या तोंडाला ती चिली अळणीच वाटायची. जेवणानंतर अर्ध्या तासाची साधी उपासना होई आणि तिला थांबायचेच असे कोणावर बंधन नव्हते. अर्धी मुले ताट धुऊन ग्रंथालयाकडे चालू लागत आणि त्याबद्दल कोणी नाराजी दाखवत नसे. पाळक एक बाई होत्या. मेथॉडिस्टांनी स्त्रियांना पाळक म्हणून पूर्ण अधिकार 1956 मध्येच दिले असल्यामुळे तिथे त्याचे कोणाला नवल नव्हते. मुले त्यांना सरळ पहिल्या नावाने हाक मारत. मला ते अखेरपर्यंत जमले नाही; मी त्यांना 'पास्टर' म्हणत राहिले आणि त्यांनीही ते चालवून घेतले.

माझ्या खोलीत राहणारी मुलगी सांगलीची, हिंदू घरातली, शाकाहारी. चार-दोन वेळा तीही माझ्याबरोबर जेवायला आली आणि एकदा उपासनेला थांबली. त्या दिवशी नेमके प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि प्याला वाटून घेण्याचा ख्रिस्ती विधी, होते. मेथॉडिस्टांचा मेज सर्वांना खुला असतो, म्हणजे कोणत्या मंडळीचे सभासदत्व आहे, किंबहुना बाप्तिस्मा झाला आहे की नाही, हे विचारले जात नाही. आणि प्याल्यात दारू नसते, द्राक्षरस असतो. हा द्राक्षरसही मेथॉडिस्टांचाच उद्योग आहे: न्यू जर्सीतील थॉमस वेल्च या दंतवैद्याने 1869 मध्ये रस आंबू नये म्हणून तो तापवून बाटलीबंद केला, तो मंडळीच्या प्याल्यासाठीच. माझी मैत्रीण जागेवर बसून राहिली. तिच्याकडे कोणी वळून पाहिले नाही आणि नंतर कोणी काही विचारलेही नाही. तिच्या आईने मात्र फोनवर विचारले, "अगं, तिकडे बाटवत नाहीत ना?" फोन स्पीकरवर होता आणि मी समोरच पोळ्या लाटत होते. काकूंना बिचाऱ्यांना फार ओशाळल्यासारखे झाले. मी त्यांना म्हटले, "काकू, मी तर जन्माचीच बाटलेली आहे, आणि मलासुद्धा अजून कोणी काही विचारलेलं नाही." हे विनोदाने बोलले असले तरी वस्तुस्थिती तीच होती, आणि तिच्याबद्दल माझ्या मनात थोडी नाराजीही होती. इतके सौजन्य असेल तर ही माणसे नेमके काय करतात, हे मला उमगत नव्हते. जेवण, गाणी, परीक्षेच्या आठवड्यात मध्यरात्री धिरडी, हे कोणतेही विद्यार्थी मंडळ करते.

याचे उत्तर मला पहिल्या सत्राच्या मध्यावर मिळाले, जेव्हा पास्टरांनी मला एका छोट्या गटात येण्याबद्दल विचारले. असे गट तिथे 'कराराचे गट' म्हणून चालतात. सात जणांपेक्षा जास्त कोणी घ्यायचे नाही, आठवड्यातून एक तास भेटायचे, वेळेवर सुरू करायचे आणि तास संपला की उठायचे. गटाने मिळून एक लेखी करार तयार करायचा. करुणेची कृत्ये, न्यायाची कृत्ये, सामुदायिक उपासना आणि एकांतातील भक्ती, अशा चार बाजूंनी आपण प्रत्येक आठवड्यात काय करणार आहोत ते त्यात कलमवार लिहायचे, आणि मग दर आठवड्याला एकेका कलमावर प्रत्येकाने सांगायचे की केले की नाही. एवढेच. चर्चा नाही, प्रवचन नाही, बायबलचा वर्ग नाही. मला वाटले होते त्यापेक्षा हे फार कोरडे होते, आणि आता मागे वळून पाहताना वाटते की त्याची ताकद त्या कोरडेपणातच होती.

या पद्धतीची मुळे पास्टरांनी पहिल्याच बैठकीत सांगितली. मेथॉडिस्ट पंथ सुरू करणारे जॉन आणि चार्ल्स वेस्ली हे भाऊ 1729 मध्ये ऑक्सफर्डला होते. चार्ल्स विद्यार्थी आणि जॉन लिंकन कॉलेजचा फेलो. त्यांच्याभोवती जमलेली मूठभर मुले ग्रीक नवा करार एकत्र वाचत, बुधवारी आणि शुक्रवारी उपास करत, ऑक्सफर्डच्या किल्ल्यातील तुरुंगात कैद्यांना भेटायला जात आणि आपल्या दिवसाच्या तासातासाचा जाब स्वतःला विचारत. इतर विद्यार्थी त्यांची टिंगल करत. म्हणजे हा पंथ मुळात महाविद्यालयातील मुलांच्या एका गटातूनच निघाला. परंतु मला अधिक भावली ती पुढची, ब्रिस्टलची हकीकत. 1742 मध्ये तिथल्या प्रार्थनागृहावर कर्ज होते. ते फेडण्यासाठी कोणीतरी सुचवले की प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी, बारा-बारा जणांची एकेक तुकडी करावी, आणि एका प्रमुखाने त्या बारा घरी जाऊन पैसे गोळा करावेत. ज्याला पेनी परवडत नाही त्याची प्रमुखाने स्वतः भरावी. प्रमुख दर आठवड्याला दारात जाऊ लागले तेव्हा त्यांना दिसू लागले की कोण पिऊन पडला आहे, कोण बायकोला मारतो, कोणाच्या घरी आजारपण आहे. वेस्लींच्या लक्षात आले की कर्जवसुलीच्या निमित्ताने हाती आलेली ही व्यवस्था कर्जापेक्षा मोठ्या कामाची आहे. आपल्याकडे खेड्यांतील बचत गटाच्या बैठकीत ज्याप्रमाणे हप्त्याच्या निमित्ताने जमलेल्या बायकांच्या घरातील सगळे हळूहळू समोर येते, तसाच हा प्रकार होता. पैसे हे निमित्त राहिले, आणि दर आठवड्याच्या भेटीत विचारला जाणारा प्रश्न कायम झाला: तुझ्या आत्म्याचे कसे चालले आहे?

आमच्या गटात शेतकरी कुटुंबातील एक इंजिनिअरिंगचा मुलगा होता, शिकागोच्या दक्षिण भागातील एक कृष्णवर्णीय मुलगी होती, कोरियाहून पीएचडीसाठी आलेला एक जण होता (कोरियात मेथॉडिस्ट पुष्कळ आहेत आणि आमच्यात खरा जुना मेथॉडिस्ट तोच), एक झिंबाब्वेची मुलगी होती, आणि पदवीच्या पहिल्या वर्षातील दोघे जण, ज्यांना आपण ख्रिस्ती आहोत की नाही याचीच खात्री नव्हती. कराराचा मसुदा ठरायला बराच वेळ लागला, कारण पहिल्या मसुद्यात सगळ्यांनी उदात्त वाक्ये लिहिली होती. 'मी इतरांवर प्रेम करेन' या कलमावर गटप्रमुखाने विचारले, "पुढच्या गुरुवारी यावर तुम्ही हो किंवा नाही असं उत्तर कसं देणार?" मग वाक्ये उतरत उतरत जमिनीवर आली. रोज सकाळी फोन हातात घेण्याआधी प्रार्थना आणि एक अध्याय वाचन. आठवड्यातून एकदा अशा कोणाबरोबर जेवण, ज्याच्याबरोबर जेवायला दुसरे कोणी नाही. महिन्यातून दोनदा अन्नवाटपाचे काम. रविवारची उपासना. रात्रीची सहा तास झोप. हे कलम इंजिनिअरिंगच्या मुलाने घातले, आणि वर्षभरात सर्वांत जास्त मोडले गेले ते हेच. पाळता न येणारे कलम सर्वांच्या संमतीने बदलता येई, परंतु बैठकीच्या ऐन वेळी, आपले उत्तर 'नाही' आहे म्हणून, बदलता येत नसे.

न्यायाच्या कलमाने आम्हाला सर्वांत जास्त छळले. करुणेचे काम डोळ्यांना दिसते: डबे उचलले, कोणाला दवाखान्यात नेले. न्यायाच्या बाबतीत मात्र पहिले काही आठवडे प्रत्येक जण बातम्या वाचून आपल्याला किती संताप आला, ते सांगत राहिला. शेवटी शिकागोच्या मुलीने सुचवले की प्रत्येकाने स्वतःच्या वर्तुळातील एकच अन्याय निवडावा, जिथे गप्प बसणे सोयीचे असते, आणि तिथे गप्प बसू नये. मी जात निवडली. परदेशातील भारतीय विद्यार्थ्यांच्या जमावात पहिल्या भेटीत नाव झाले की दुसरा प्रश्न आडनावाचा येतो, आणि आडनाव ख्रिस्ती निघाले की तिसरा प्रश्न येतो: "हो, पण मूळचे कोण?" हा प्रश्न मला लहानपणापासून परिचित आहे आणि तो चुकवण्याच्या युक्त्याही पाठ आहेत. कलमाप्रमाणे मला तो चुकवायचा नव्हता. तो मला किंवा माझ्यासमोर दुसऱ्या कोणाला विचारला गेला, तर 'हे कशासाठी हवं आहे?' एवढे उलट विचारायचे होते.

पुढच्या बैठकीत मी गटाला आधी जातव्यवस्था समजावून सांगू लागले, तेव्हा गटप्रमुखाने मला मध्येच थांबवले. "ही माहिती मला नंतर जरूर सांग," तो म्हणाला, "पण आत्ता तू काय केलंस ते सांग." मला राग आला. मी सांगणार होते ते महत्त्वाचे होते आणि या मुलांना ते खरोखरच ठाऊक नव्हते. परंतु विचार करता त्याचे म्हणणे मला पटले, कारण समजावून सांगण्यात मी पटाईत होते आणि त्या आडोशाने तास सहज निघून गेला असता. मी सांगितले: दिवाळीच्या जेवणाला विचारले, समोरचा हसून म्हणाला की सहज विचारले, मग बराच वेळ माझ्याशी कोणी बोलले नाही. त्यावर गटात कोणी सांत्वन केले नाही की शाबासकी दिली नाही. प्रमुखाने फक्त विचारले, "पुढच्या आठवड्यात कलम तसंच ठेवायचं?" मी हो म्हटले आणि पाळी पुढच्याकडे गेली. बैठक संपल्यावर मात्र शिकागोची मुलगी माझ्याबरोबर ग्रीन स्ट्रीटच्या थंडीत बराच वेळ उभी राहिली आणि तिने जातीबद्दल विचारलेले प्रश्न मला आजवर कोणत्याही भारतीयाने विचारलेल्या प्रश्नांपेक्षा नेमके होते.

सल्ला न देण्याचा हा नियम पाळणे सर्वांत अवघड. कोरियन मित्र सलग काही आठवडे प्रार्थनेच्या कलमावर फक्त 'नाही' म्हणत होता. माझ्या जिभेवर प्रत्येक वेळी काहीतरी येई, कारण आमच्या मंडळीत प्रार्थना होत नाही असे कोणी म्हटले तर दहा जण दहा वचने सांगतील. इथे त्याचे 'नाही' ऐकून घेतले जाई आणि पुढचे कलम येई. एका आठवड्यात तो म्हणाला, "हो, एकदा. पण भांडलो." त्यावरही कोणी काही म्हटले नाही. मात्र जाताना तो नेहमीपेक्षा हळू चालत होता आणि त्याने आपण होऊन सांगितले की सोलमध्ये त्याचे वडील आजारी आहेत. हे त्याने विभागात कोणालाही सांगितले नव्हते. पाळीपाळीने उत्तर देण्याच्या रुक्ष क्रमात माणूस बोलता कसा होतो, हे मी तिथे पाहिले. सहानुभूतीच्या घाईत तो बहुधा गप्प होतो.

अन्नवाटपाबद्दल थोडे. धान्य आणि डबे ईस्टर्न इलिनॉय फूडबँकेकडून येत. आमचे काम तारखा तपासणे, मांडणीवर रचणे आणि आलेल्या माणसाबरोबर ढकलगाडी घेऊन फिरणे, म्हणजे त्याला हवे ते त्याने स्वतः निवडावे. तयार पिशवी हातात देणे सोपे पडले असते, पण माणसाला आपल्या घरात काय शिजणार हे ठरवू देण्याचा आग्रह तिथे होता आणि मला तो योग्य वाटला. येणाऱ्यांत विद्यापीठातील सफाई कामगार होते, पेन्शनवर जगणारी म्हातारी माणसे होती आणि, ज्याची मला कल्पना नव्हती, परदेशी संशोधक विद्यार्थ्यांची कुटुंबेही होती. सोबत आलेल्या जोडीदाराला एफ-2 व्हिसावर नोकरी करता येत नाही. विद्यार्थ्याच्या एका मानधनात तीन माणसे राहतात. मसूर डाळ कोणत्या फळीवर आहे हे विचारणाऱ्या बाईला मी हिंदीत उत्तर दिले तेव्हा ती आधी दचकली आणि मग हसली.

जानेवारीत दोन गोष्टी लागोपाठ झाल्या. पहिली, सत्राच्या सुरुवातीची करार-नवीकरणाची उपासना, जी वेस्लींनी 1755 मध्ये लंडनला सुरू केली आणि मेथॉडिस्ट मंडळ्या बहुधा नव्या वर्षाच्या आरंभी करतात. तिच्यातील प्रार्थनेत देवाला म्हणायचे असते की मी आता माझा नाही, तुला हव्या त्या कामाला मला लाव किंवा कामावरून बाजूला ठेव, भरून टाक किंवा रिकामे कर. अभ्यासात पहिले येण्यासाठी समुद्र ओलांडून आलेल्या मुलांनी 'बाजूला ठेव' म्हणायचे, हे मला जड गेले, आणि मी त्या ओळीला त्या वर्षी गप्प राहिले.

दुसरी गोष्ट मार्टिन ल्यूथर किंग यांच्या दिवसाची. पास्टरांनी त्या निमित्ताने जेम्स लॉसन यांच्याबद्दल सांगायला सुरुवात केली आणि दुसऱ्याच वाक्यात नागपूर आले. लॉसन हे मेथॉडिस्ट होते. कोरियन युद्धाच्या वेळी त्यांनी लष्करात जायला नकार दिला आणि तुरुंगवास पत्करला. सुटल्यावर मंडळीने त्यांना मिशनसेवेसाठी भारतात पाठवले, आणि 1953 ते 1956 या काळात ते नागपूरला हिस्लॉप कॉलेजात मुलांना खेळ शिकवत आणि गांधीजींच्या सत्याग्रहाचा अभ्यास करत होते. डिसेंबर 1955 मध्ये, बसमधील वर्णभेदाविरुद्ध कृष्णवर्णीयांनी पुकारलेल्या माँटगोमेरीच्या बस-बहिष्काराची बातमी त्यांनी नागपूरच्या वर्तमानपत्रात वाचली. 1957 मध्ये अमेरिकेत ओबर्लिन कॉलेजात त्यांची किंग यांच्याशी गाठ पडली आणि किंग यांनी त्यांना ताबडतोब दक्षिणेत येण्यास सांगितले. त्यानंतर ते नॅशव्हिलला गेले आणि क्लार्क मेमोरियल मेथॉडिस्ट चर्चमध्ये त्यांनी विद्यार्थ्यांचे वर्ग सुरू केले. त्या वर्गांत मुले एकमेकांवर ओरडत, ढकलत, शिव्या देत, आणि ज्याची पाळी असेल त्याने हात न उचलता बसून राहायचे. पुन्हा पुन्हा, अंगवळणी पडेपर्यंत. 13 फेब्रुवारी 1960 रोजी हीच मुले गोऱ्यांसाठी राखीव असलेल्या खानावळींच्या बाकड्यांवर जाऊन बसली. पुढे नागरी हक्क चळवळीचे नेते झालेले डायन नॅश आणि जॉन लुइस त्यांच्यातलेच. लॉसन यांना व्हँडरबिल्ट विद्यापीठाने काढून टाकले; परंतु मे महिन्यात नॅशव्हिलच्या खानावळी सर्वांना खुल्या होऊ लागल्या.

मी हिस्लॉपमध्ये शिकले आणि हे नाव प्रथम अर्बानात ऐकले. मला त्यापेक्षा अधिक महत्त्वाचे वाटले ते त्या वर्गांचे स्वरूप. धैर्य ही कोणाकडे असते आणि कोणाकडे नसते अशी वस्तू आहे, असे मी समजत होते. नॅशव्हिलच्या मुलांना ते आठवड्याच्या सरावाने शिकवले गेले, ऑक्सफर्डच्या मुलांना प्रार्थना जशी वेळापत्रकाने शिकवली गेली तसेच. आमच्या गटातील 'केले की नाही' हा प्रश्न त्या दिवसापासून मला किरकोळ वाटेनासा झाला.

दुसऱ्या वर्षी मला गटप्रमुख होण्यास सांगण्यात आले. त्याआधी पार्श्वभूमीची चौकशी झाली आणि एक प्रशिक्षण झाले, ज्याचा बराचसा भाग प्रमुखाने काय करू नये यावर होता. गटात ऐकलेले बाहेर न्यायचे नाही. मात्र कोणी स्वतःच्या जिवाला अपाय करण्याबद्दल बोलले तर ते पोटात ठेवायचे नाही, विद्यापीठाच्या समुपदेशन केंद्राकडे किंवा 988 या राष्ट्रीय क्रमांकाकडे त्याच्याबरोबर राहून पोहोचायचे. प्रमुखाने आपले उत्तर सर्वांच्या आधी द्यायचे. मला हा शेवटचा नियम सर्वांत कठीण आणि सर्वांत शहाणपणाचा वाटला, कारण प्रमुखाने पहिले 'नाही' म्हटले की बाकीच्यांना खोटे बोलण्याची गरज उरत नाही.

त्याच काळात युनायटेड मेथॉडिस्ट चर्च फुटत होते. समलिंगी व्यक्तींना पाळक होऊ द्यावे का आणि त्यांचे विवाह लावावेत का, या वादात 2019 ते 2023 दरम्यान अमेरिकेतील साडेसात हजारांहून अधिक मंडळ्या, म्हणजे जवळजवळ चौथा हिस्सा, बाहेर पडल्या. विद्यार्थी-केंद्रांचा खर्च बऱ्याच अंशी परिसरातील मंडळ्यांच्या वर्गणीतून चालतो, तेव्हा हा वाद आम्हाला जेवणाच्या खर्चातही जाणवत होता. आमच्या गटात दोन्ही बाजूंची मुले होती. इंजिनिअरिंगच्या मुलाच्या गावची मंडळी बाहेर पडली होती आणि पहिल्या वर्षातील दोघांपैकी एक जण स्वतः समलिंगी होता. ते दोघे दर आठवड्याला समोरासमोर बसून एकमेकांच्या झोपेचा आणि प्रार्थनेचा हिशेब ऐकत. त्यांचे मतभेद मिटले असे मी म्हणणार नाही, कारण ते मिटले नाहीत. परंतु एकमेकांबद्दल खोटे बोलणे त्यांना अशक्य झाले होते. 2024 च्या मे महिन्यात शार्लटच्या अधिवेशनात जुनी बंदी उठवली गेली तेव्हा माझा प्रबंध सादर झालेला होता आणि मी सामान बांधत होते. पुढच्याच महिन्यात, 9 जून रोजी, लॉसन वयाच्या पंच्याण्णवाव्या वर्षी लॉस एंजेलिसला वारले.

नागपूरला परतल्यावर मी आमच्या मंडळीच्या तरुण संघात असा गट काढण्याचे सुचवले. पाळकसाहेबांना कल्पना आवडली, पण एका वडीलधाऱ्या सभासदांनी आक्षेप घेतला आणि तो मला आजही बिनतोड वाटतो. ते म्हणाले, "बाई, तिकडे मुलं दोन वर्षांनी पांगतात. इथे ज्याच्यासमोर बोलशील, त्याच्या मावशीच्या घरी तुझ्या भावाची सोयरीक चालू असते." अर्बानात आम्ही सात जण एकमेकांच्या घरच्यांना कधीही भेटणार नव्हतो आणि त्या अनोळखीपणाचा पद्धतीला किती आधार होता, हे मला तिथे असताना दिसले नव्हते. इथे मंडळी म्हणजे गणगोत. म्हणून आम्ही तरुण संघाच्या नावाने काहीच काढले नाही. सध्या आम्ही चौघी जणी शनिवारी संध्याकाळी सिव्हिल लाइन्समध्ये एकीच्या घरी भेटतो. चौघी चार वेगवेगळ्या मंडळ्यांतल्या आहोत आणि कोणाचेही कोणाशी नाते नाही, हे आधी नीट तपासून घेतले आहे. करारात सध्या पाच कलमे आहेत, आणि झोपेचे कलम आम्ही घातलेले नाही.